पगाराच्या सूत्रांसाठी बाहेरचा पार्सर जनरेटर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर करणारी सहा जणांची टीम आहे, काम जावात चालतं. ग्राहकाच्या एचआर विभागाला भत्ते आणि कपातींची सूत्रं स्वतः लिहिता यावीत म्हणून एक छोटी भाषा करायची आहे, आणि तीत मराठी नावं चालली पाहिजेत. त्याच ग्राहकाच्या जुन्या ओरॅकल डेटाबेसमध्ये पीएल/एसक्यूएल या त्याच्या भाषेतल्या कोडचा ढीग पडलाय. तो वाचून त्यात दडलेले पगाराचे नियम बाहेर काढायचे आहेत. टीममधला एक जण म्हणतो, अँटलर हा पार्सर जनरेटर (भाषेच्या नियमांवरून पार्सर, म्हणजे ती भाषा वाचणारा कोड, काढून देणारं हत्यार) घेऊ, आठवड्यात संपवू. सिनियर म्हणतात, बाहेरच्या लायब्ररीवर लोकांचे पगार टांगून ठेवायचे नाहीत, उद्या ती बंद पडली तर? कोणाचं ऐकायचं?

माझं उत्तर: सूत्रांची भाषा हाताने लिहा, पीएल/एसक्यूएलसाठी अँटलर घ्या. दोन्ही कामांना पार्सिंग म्हणतात, त्यापलीकडे त्यांच्यात फारसं साम्य नाही. पहिल्यात भाषा तुमची आहे, लहान आहे, आणि तिचे एरर मेसेज रोज कोणीतरी अकाउंट्सवाला वाचणार आहे. दुसऱ्यात भाषा ओरॅकलची आहे, अवाढव्य आहे, आणि तुमचं काम झालं की तो पार्सर कपाटात जाणार आहे. मी यॅक, बायसन, जावासीसी, अँटलर हे जनरेटर आणि हाताने लिहिलेले पार्सर, सगळ्यांशी थोडाथोडा संसार केलाय. त्या अनुभवावरून कारणं सांगतो.

आधी सिनियरांचा प्रश्न घेऊ, कारण तो बरोबर आहे, फक्त अर्धवट विचारलाय. "बाहेरची लायब्ररी" म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात पडतात. एक, जनरेटर: ग्रामरची, म्हणजे भाषेच्या नियमांची, फाइल घेऊन कोड काढून देणारं हत्यार. ते तुमच्या बिल्ड मशीनवर चालतं. दोन, रनटाइम: तो काढलेला कोड चालायला जे सोबत लागतं आणि जे ग्राहकाच्या सर्व्हरवर जातं. बायसनमधून निघालेली सी फाइल स्वयंपूर्ण असते. उद्या बायसन जगातून नाहीसा झाला तरी ती फाइल कंपाइल होत राहील. एसक्यूलाइट या डेटाबेसवाल्यांच्या लेमन या जनरेटरचंही तेच. अँटलरचं तसं नाही. त्याने काढलेल्या जावा कोडला त्याचा रनटाइम जार (जावा कोडचं गाठोडं) लागतोच, आणि तो जार तुमच्याच प्रोसेसमध्ये बाकीच्या सगळ्या जारांच्या गर्दीत राहतो.

आणि घोडं अडतं ते बहुतेक या गर्दीत. लायब्ररी बंद पडल्यामुळे अडचणीत आलेली टीम मी क्वचित पाहिली. लायब्ररी व्यवस्थित चालू असल्यामुळे, म्हणजे तिच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्यामुळे अडचणीत आलेल्या पुष्कळ पाहिल्या. अँटलर ४.१० आली २०२२ मध्ये. तिच्यात जनरेटर आपली अंतर्गत तक्त्यांची (एटीएन) माहिती ज्या स्वरूपात साठवतो ते स्वरूप बदललं. ४.९ ने काढलेला पार्सर ४.१० च्या रनटाइमवर चालत नाही, उलटही नाही. आमच्या एका प्रकल्पात आमचा पार्सर जुन्या आवृत्तीचा होता. कोणीतरी हायबरनेट ही डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी ५ वरून ६ वर नेली. हायबरनेट ६ स्वतः अँटलर ४ वापरतं, त्यामुळे त्याच्यासोबत नवा रनटाइम गुपचूप आत आला. बिल्ड हिरवा, सगळं छान. सर्व्हर सुरू झाला, पहिलं सूत्र वाचायला घेतलं आणि "एटीएन आवृत्ती ३ आहे, ४ अपेक्षित होती" अशा अर्थाचा मेसेज देऊन पडला. ज्याने हायबरनेट बदललं त्याला आमच्याकडे पार्सर आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. उपाय सोपा होता: रनटाइमचं पॅकेज-नाव बदलून तो आपल्याच जारमध्ये बंद करून टाकायचा, ज्याला शेडिंग म्हणतात. पण तो उपाय सुचेपर्यंत दीड दिवस गेला होता, आणि महिन्याची २८ तारीख होती.

आता थोडं मोठ्या लोकांच्या घरात डोकावू, कारण "मोठे प्रकल्प काय करतात" हा वाद दोन्ही बाजू सोयीने वापरतात. हाताने लिहा म्हणणारे जीसीसी या कंपायलरचं उदाहरण देतात. त्यांनी सी++ चा यॅकवाला पार्सर २००४ च्या ३.४ आवृत्तीत काढून हाताने लिहिलेला घातला, सीचा ४.१ मध्ये. क्लँग या दुसऱ्या सी++ कंपायलरचा पहिल्यापासून हाताने लिहिलेला. गो भाषेच्या कंपायलरने २०१६ मध्ये १.६ आवृत्तीत यॅक सोडला. रुबीमध्ये ३.४ पासून प्रिझम हा हाताने लिहिलेला पार्सर मुख्य झाला. जनरेटरवाले म्हणतात, पोस्टग्रेस हा डेटाबेस बघा: आजही बायसन आणि फ्लेक्स (लेक्सर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, काढून देणारं हत्यार), आणि ग्रामर फाइलमध्ये लिहूनच ठेवलंय की संदिग्धतेच्या तक्रारी शून्य असल्या पाहिजेत, एक जरी आली तरी बिल्ड पाडा.

मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. ज्यांनी जनरेटर ठेवला त्यातल्या बऱ्याच जणांनी तो घरात आणून ठेवला. एसक्यूलाइटचा लेमन त्यांच्याच सोर्समध्ये एका सी फाइलच्या रूपात आहे, डी. रिचर्ड हिप यांनीच लिहिलेला. पायथनने ३.९ मध्ये जुना एलएल(१) पार्सर (पुढचा एकच शब्द बघून ठरवणारा) सोडून पेग पद्धतीचा (पर्याय क्रमाने करून बघणारा) आणला तेव्हा बाजारातला जनरेटर न उचलता आपला पेगेन लिहिला. रुबीने प्रिझमकडे जाण्याआधीच ३.३ मध्ये बायसन काढून लरामा हा रुबीतच लिहिलेला जनरेटर रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) घेतला. ओकॅमल भाषेवाल्यांची युक्ती मला सगळ्यात आवडते. ते मेनहिर हा बाहेरचा जनरेटर वापरतात, पण त्याने काढलेला पार्सर रिपॉझिटरीत कमिट करून ठेवतात. ज्याला ग्रामर बदलायचंय त्यालाच मेनहिर लागतो. ज्याला नुसता कंपायलर बिल्ड करायचाय त्याला मेनहिर हे नावही माहीत नसलं तरी चालतं.

बाहेरचं वापरणं वेगळं आणि बाहेरच्यावर विसंबणं वेगळं. तुमच्या सिनियरांना भीती आहे ती दुसऱ्याची, आणि ती पहिलं सोडल्याने जाते असं नाही. वापर कसा बांधून घेता त्यावर ती जाते किंवा राहते.

रुबीवाले बायसनला का कंटाळले हे मला व्यक्तिशः कळतं. मॅकवर आजही अ‍ॅपलचा बायसन मिळतो तो २.३, म्हणजे २००६ चा. पुढे बायसनचं लायसन्स जीपीएल ३ झालं आणि अ‍ॅपल तिथेच थांबलं. माझ्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी मॅकवर बिल्ड चालवला. आमच्या ग्रामरमध्ये एरर मेसेज सविस्तर द्यायला सांगणारी एक ओळ होती, ३ नंतरच्या आवृत्त्यांना कळणारी. २.३ ला ती ओळच कळेना. बिचारी दिवसभर स्वतःचीच चूक शोधत बसली. त्या संध्याकाळी आम्ही काढलेला कोड कमिट करायला लागलो. "जनरेट केलेला कोड रिपॉझिटरीत ठेवू नये" हा नियम मलाही कॉलेजात शिकवला होता. पार्सरच्या बाबतीत तो मी मोडतो. फक्त सीआयमध्ये (कोड आला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एक पायरी ठेवतो: ग्रामरमधून कोड पुन्हा काढून कमिट केलेल्याशी ताडायचा, फरक आला तर बिल्ड लाल. नाहीतर कोणीतरी काढलेल्या फाइलमध्येच हाताने दुरुस्ती करतं आणि सहा महिन्यांनी ती पुसली जाते.

आता तुमची सूत्रांची भाषा. ती हाताने लिहा म्हणतो त्याचं मुख्य कारण एरर मेसेज आहे, पण आधी जनरेटरच्या बाजूने जो सगळ्यात भक्कम मुद्दा आहे तो सांगतो, कारण हाताने लिहिणारे तो सांगत नाहीत.

महाराष्ट्रातला व्यवसाय कर सगळ्यांना माहीत आहे: दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याचे महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. एचआरमधलं कोणीतरी हे असं लिहील:

जर पगार > १०००० तर जर महिना = २ तर ३०० नाहीतर २००

हे "नाहीतर" कोणत्या "जर"चं? आतल्याचं धरलं तर दहा हजारांवरच्यांना फेब्रुवारीत ३०० आणि एरवी २००, ठीक. बाहेरच्याचं धरलं तर दहा हजारांवरच्यांना फेब्रुवारी सोडून काहीच कपात नाही आणि दहा हजारांखालच्या शिपायाचे मात्र दर महिन्याला २०० कापले जातात. वाक्य एकच, अर्थ दोन. यॅक किंवा बायसनला हे ग्रामर दिलंत तर तो कोड काढतानाच ओरडतो: इथे शिफ्ट करू (पुढचा शब्द घेऊ) की रिड्यूस (आधीचा तुकडा संपवू), मला ठरवता येत नाही. म्हणजे पहिलं सूत्र लिहिलं जाण्याआधीच तुम्हाला कळतं की भाषेत भोक आहे. पेग पद्धतीचे जनरेटर ओरडत नाहीत, ते क्रमाने जो पर्याय आधी जुळेल तो घेतात. अँटलर ४ सुद्धा गप्प राहून आधी लिहिलेला पर्याय उचलतो, निदान करणारा लिसनर (पार्सरच्या सूचना ऐकणारा तुकडा) मुद्दाम जोडलात तरच सांगतो. आणि हाताने लिहिलेला पार्सर? तो तर तुम्ही जे लिहिलंय तेच करणार, भोक आहे हे सांगणार कोण.

म्हणून मी भाषा हाताने लिहायची असली तरी तिचं ग्रामर आधी बायसनच्या रूपात लिहून त्याच्यातून एकदा काढून बघतो. पार्सर वापरायचा नाही, नुसती तपासणी. एक दुपार जाते. तुमच्या भाषेत मी तर सरळ "जर"ला शेवटी "संपलं" सक्तीचं करीन, नाहीतर आतल्या जरला कंस. भाषा तुमची आहे, तेवढं स्वातंत्र्य आहे. ओरॅकलच्या भाषेत ते नाही.

हाताने लिहिताना नवशिका हमखास पडतो ती जागा म्हणजे वजाबाकी. "बेरीज-वजाबाकी म्हणजे एक पद, मग चिन्ह, मग पुन्हा बेरीज-वजाबाकी" असं सरळ रिकर्जन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारा नियम) लिहिलं की "मूळ - अग्रिम - दंड" हे "मूळ - (अग्रिम - दंड)" होतं. मूळ २०,०००, अग्रिम ५,०००, दंड १,०००. उत्तर १४,००० यायला हवं, येतं १६,०००. कर्मचारी तक्रार करत नाही, अर्थातच. अशी चूक ऑडिटमध्ये सापडते. हे टाळायला वॉन प्रॅट यांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत वापरा: प्रत्येक चिन्हाला एक बळ द्यायचं आणि एकाच लूपमध्ये डावीकडून गोळा करत जायचं. कळायला एक तास लागतो आणि जन्मभर पुरते. तुमच्या आकाराच्या भाषेसाठी लेक्सर दीडशे ओळींचा, पार्सर तीन-चारशे ओळींचा. तो टीममधल्या कोणालाही डीबगरमध्ये एकेक पायरी टाकत वाचता येतो. अँटलरच्या अनुमान-यंत्रात पायऱ्या टाकत शिरलेला माणूस मी अजून हसत बाहेर आलेला पाहिलेला नाही.

आता मराठी नावं. सगळ्या जनरेटरांची उदाहरणं इंग्रजी अक्षरांची असतात आणि ती कॉपी केली की पहिला दणका बसतो. हाताने लिहिलात तरी बसतो, पण निदान कुठे दुरुस्त करायचं ते दिसतं. जावात "हे अक्षर आहे का" विचारणारी नेहमीची पद्धत काना-मात्रेला "नाही" म्हणते. त्यामुळे "महागाई" वाचताना लेक्सर "मह"वर थांबतो आणि काना बघून अनोळखी चिन्ह म्हणून ओरडतो. युनिकोडची आयडेंटिफायर तपासणारी वेगळी पद्धत जावातच आहे, ती वापरा. पायथनमध्येही हीच गंमत आहे: नेहमीच्या रेगेक्समधलं "शब्दातलं अक्षर" हे चिन्ह "किती"चे "क" आणि "त" असे दोन तुकडे करतं. आकडे तर लोक १२ ही लिहितील आणि इंग्रजीतही. जावाचा बिगडेसिमल देवनागरी आकडे आनंदाने घेतो, डबलचं पार्सिंग घेत नाही. पगाराला डबल वापरत असाल तर तो वेगळाच विषय आहे, पण वापरू नका.

सगळ्यात छुपा सापळा ऱ्याचा. "कर्मचाऱ्याचा_वाटा" असं नाव घ्या, भविष्य निर्वाह निधीच्या सूत्रात ते येणारच. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका कीबोर्डवरून नाव ठरवलं आणि दुसऱ्यावरून सूत्रात वापरलं की "असं नाव सापडत नाही". एचआरवाल्या बाई फोनवर म्हणणार, अहो समोर दिसतंय की. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, मी आशेने करून पाहिलं होतं. लेक्सरमध्ये शिरतानाच एका रूपाचं दुसरं करून टाका. असले सांधे जनरेटरच्या ग्रामर फाइलमध्ये बसवायला जीव जातो, हाताच्या लेक्सरमध्ये चार ओळी.

एरर मेसेजचंही तसंच. फ्लेक्स बाइट मोजतो. "कर्मचाऱ्याचा" हा शब्द वाचणाऱ्याला पाच अक्षरांचा दिसतो, युनिकोडच्या हिशेबात बारा चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये ३६ बाइट. त्या शब्दानंतर लगेच चूक असेल तर फ्लेक्सवर बांधलेला पार्सर सदतिसाव्या जागी चूक आहे म्हणून सांगतो आणि एचआरवाल्या बाई बोट ठेवून मोजत बसतात. आकडा देऊच नका. सूत्र पुन्हा छापा आणि चुकलेला तुकडा रंगवा. मेसेजमध्ये "अनपेक्षित टोकन, अपेक्षित: यापैकी अकरा गोष्टी" असं न येता "'तर' राहिलं का? 'जर महिना = २' च्या पुढे 'तर' हवं" असं यायला हवं. बायसन ३.६ पासून मेसेज स्वतः घडवता येतात, मेनहिरमध्ये प्रत्येक चुकीच्या अवस्थेला वाक्य लिहून ठेवता येतं, अँटलरमध्ये आपला एरर लिसनर लावता येतो. म्हणजे अशक्य कुठेच नाही. पण हाताच्या पार्सरमध्ये "तर" शोधणारी ओळ जिथे आहे तिथेच मेसेज लिहिता येतो. जीसीसीने सी++ साठी यॅक सोडला त्याचं एक कारण सी++ चं ग्रामरच तिरपागडं आहे हे होतं. तुमचं ग्रामर सरळ आहे, तुमचे वाचक मात्र प्रोग्रामर नाहीत.

एक अवांतर, पण विचारलं जाईल म्हणून: स्वल्पविराम. "किमान(१,२५,०००)" हे सव्वा लाख की तीन आकडे? आकड्यात स्वल्पविराम चालणार नाही असं पहिल्या दिवशी ठरवा, आणि तो आढळला तर तसं सांगणारा वेगळा मेसेज ठेवा. कारण लोक लिहिणारच.

सुरक्षिततेबद्दल लोक म्हणतात की जनरेट केलेला कोड लाखो ठिकाणी चाललेला असतो म्हणून सुरक्षित. अर्धसत्य आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत क्लाउडफ्लेअर या वेबसाइटांना सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरांतून इतरांच्या मेमरीतला मजकूर पानांमध्ये गळत होता. गुगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षा-गटातल्या टॅविस ऑर्मंडी यांच्या ते लक्षात आलं. एचटीएमएल वाचणारा तो पार्सर रॅगेल या जनरेटरने काढलेला होता. काढलेल्या कोडमध्ये बफर संपला का ही तपासणी == ने होती. पॉइंटर शेवटच्या जागेवरून उडी मारून पुढे गेला तर == कधी खरं होणारच नाही, >= असतं तर पकडलं गेलं असतं. क्लाउडफ्लेअरने स्वतःच लिहिलं की दोष रॅगेलचा नाही, आम्ही तो जसा वापरला त्याचा आहे. हत्यार कितीही पोख्त असलं तरी त्याने काढलेला कोड तुमचा असतो, आणि तो कोणी वाचत नाही ही अडचण. तुमच्या बाबतीत जावा आहे, मेमरी गळणार नाही. तुम्हाला भीती एवढीच की कोणी हजार कंस एकात एक घालून सूत्र दिलं तर स्टॅक भरून सर्व्हरचा तो धागा पडेल. क्लँगसुद्धा कंसांची खोली २५६ वर अडवतो. तुम्ही ५० वर अडवा, पगाराच्या सूत्रात त्याहून जास्त लागले तर सूत्र लिहिणाऱ्याला भेटायला जा.

आता पीएल/एसक्यूएल. इथे हाताने लिहायचा विचारसुद्धा करू नका. भाषा प्रचंड, जुनी, आणि अपवादांनी भरलेली. अँटलरच्या ग्रामरांचा जो सामायिक संग्रह आहे, ग्रामर्स-व्ही४ नावाचा, त्यात तिचं तयार ग्रामर आहे. दोन पथ्यं. प्रत्येक ग्रामरचं लायसन्स वेगळं असू शकतं, तेव्हा संग्रहाचं न बघता त्या फाइलच्या डोक्यावरचं बघा. आणि ते ग्रामर पहिल्या दिवशी तुमच्या रिपॉझिटरीत कॉपी करून घ्या. ते तुम्हाला दुरुस्त करावं लागणार आहे. तुमच्या ग्राहकाच्या कोडमध्ये एखादी अशी रचना निघणारच जी त्यात नाही.

वेगाची तक्रार येईल. मोठ्या पॅकेजवर अँटलर पहिल्यांदा रेंगाळतो, मग गरम झाला की बरा चालतो. आधी त्याच्या हलक्या एसएलएल पद्धतीने वाचून बघायचं आणि ते फसलं तरच पूर्ण पद्धत लावायची, या दोन टप्प्यांनी मला नेहमी पुष्कळ फरक पडलाय. सोर्स मात्र फाइलींतून घेऊ नका. त्यात एसक्यूएल-प्लसच्या आज्ञा, एकट्या तिरक्या रेघांच्या ओळी, कोणाकोणाची स्क्रिप्ट असं सगळं मिसळलेलं असतं. डेटाबेसच्या यूझर-सोर्स या व्ह्यूमधून काढा, तिथे प्रत्यक्ष चालणारा कोडच असतो. "रॅप" करून (मूळ वाचता येऊ नये असं गुंडाळून) ठेवलेली पॅकेजेस असतील तर तिथे पार्सर काही करू शकत नाही, ग्राहकाकडे मूळ मागा.

आणि पार्सर उत्तम चालला तरी एक गोष्ट त्याला दिसणार नाही. जुन्या पगारव्यवस्थांत बरेच नियम अवतरणचिन्हात असतात: स्ट्रिंग जोडून जोडून क्वेरी बनवायची आणि एक्झिक्यूट इमीडिएटला द्यायची. पार्सरच्या दृष्टीने ती नुसती स्ट्रिंग. एका सहकारी बँकेच्या कामात आम्ही अभिमानाने अहवाल दिला की अधिकाऱ्यांच्या भत्त्याचे नियम अमुक पॅकेजमध्ये आहेत. खरे नियम एका टेबलच्या कॉलममध्ये मजकूर म्हणून पडले होते, पॅकेज फक्त ते उचलून चालवत होतं. तेव्हा आधी एक्झिक्यूट इमीडिएट कुठेकुठे आहे ते नुसतं शोधा आणि त्याची यादी माणसाने वाचा. कदाचित तुम्हाला पूर्ण पार्सर लागणारही नाही: टेबलांची नावं आणि आकडेमोड एवढंच हवं असेल तर तेवढेच तुकडे ओळखून बाकीचं पाण्यासारखं वाहू देणारं छोटं ग्रामर पुरतं.

त्याच बँकेत दुसरा धडा मिळाला. त्यांच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नाही, पेनड्राइव्ह चालत नाही, आणि बिल्ड तिथेच करा असा त्यांचा नियम. आम्ही जनरेटरचं प्लगइन बिल्डच्या वेळी उतरवणारी रचना घेऊन गेलो होतो. रात्री नऊ वाजता, चहाचे कप रिकामे, आणि स्क्रीनवर "जार सापडत नाही". तेव्हापासून कुठलीही लायब्ररी घेण्याआधी मी एक चाचणी करतो: कोऱ्या लॅपटॉपवर रिपॉझिटरी उतरवायची, वायफाय बंद करायचं, बिल्ड करायचा. झाला तर ती लायब्ररी तुमच्या ताब्यात आहे. नाही झाला तर तुम्ही तिच्या ताब्यात आहात, मग तिला गिटहबवर किती तारे आहेत त्याला अर्थ नाही.

सिनियरांच्या "बंद पडली तर"चं उरलेलं उत्तर. बंद पडलेलं आणि पूर्ण झालेलं यातला फरक कमिटच्या तारखेवरून कळत नाही. जावास्क्रिप्टचा पेग.जेएस हा जनरेटर ०.१० वर २०१६ मध्ये थांबला. लोकांना दुरुस्त्या हव्या होत्या, त्या मिळेनात, शेवटी पेगी नावाचा फोर्क (त्याच कोडची वेगळी शाखा) निघाला. ते बंद पडणं. उलट पायथनचा पीएलवाय हा जनरेटर: तो लिहिणारे डेव्हिड बीझ्ली स्वतःच सांगतात की पॅकेज म्हणून घेऊ नका, फाइली कॉपी करून तुमच्या प्रकल्पात ठेवा. ते पूर्ण होणं. अँटलर या घडीला जिवंत आहे, लायसन्स बीएसडी, तिथे चिंता नाही. बायसनच्या जीपीएलला लोक घाबरतात, पण काढलेल्या पार्सरसाठी त्यात २.२ पासून स्पष्ट सूट आहे, तुमचा कोड तुमचाच राहतो.

आणि उद्या खरंच बदलायची वेळ आली तर काय सोपं जातं ते सांगतो. अँटलर ३ मध्ये वाचलेल्या मजकुराच्या रचनेचं झाड बांधायची आणि झाडावर ग्रामर चालवायची सोय होती, ४ मध्ये ती काढून टाकली. ज्यांनी आपला सगळा हिशेब त्या झाडांवर बांधला होता त्यांना तो पुन्हा लिहावा लागला. ज्यांनी पार्सरमधून बाहेर पडतानाच स्वतःच्या साध्या क्लासेसचं झाड केलं होतं, त्यांनी दोनेक आठवड्यांत सांधा बदलला. तुमच्या भाषेला लागतील संख्या, नाव, दोन बाजूंची क्रिया, फंक्शन आणि जर, असे पाच-सहा क्लास. पगार मोजणाऱ्या कोडला त्यांच्यापलीकडचं काहीही दिसता कामा नये. पीएल/एसक्यूएलकडूनही काढलेले नियम याच क्लासेसमध्ये आणा. मग दोन्ही पार्सर एकाच टेस्टच्या ढिगावर पडताळता येतात: हे सूत्र, हा कर्मचारी, हे उत्तर. चुकीची सूत्रंही त्या ढिगात हवीत, आणि त्यांचे अपेक्षित मेसेजसुद्धा.

सुरुवात मात्र कोडने करू नका. ग्राहकाच्या पगार विभागात जो सगळ्यात जुना माणूस असेल त्याच्याकडे कोरा कागद द्या आणि म्हणा, तुमची दहा सूत्रं तुम्हाला सुचतील तशी लिहा. आमच्याकडे सातवं सूत्र आलं ते "किमान(मूळ, १५०००) चे १२%". आमचं ग्रामर एका सी-सारख्या भाषेच्या उदाहरणावरून उचललेलं होतं, त्यात % म्हणजे भागाकाराची बाकी. १५,००० ला १२ ने भागलं की बाकी शून्य उरते. निधीची कपात शून्य दाखवणारा तो स्क्रीनशॉट मी अजून जपून ठेवलाय.